पडीक शेते आणि जमातीची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या समारंभात शेतीवर बोलणार असे मी कळवले, तेव्हा काहींना ते रुचले नाही. मुलांना चिखलातून वर काढण्यासाठी शाळा काढल्या आणि आता पुन्हा त्यांना चिखलाकडे नेता की काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही; पण आधी आपल्या गावाचे जे चित्र आहे ते नीट पाहू या.

जुलै महिन्यात आपल्या रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही मुसलमान वस्तीच्या गावी जा. मोहल्ल्यात दुमजली घरे दिसतील. फरशा चकचकीत, दारात लोखंडी फाटक, आणि आत एक म्हातारी व तिची सून. मोहल्ला संपला की खाली भाताची खाचरे. त्यांत कुणब्यांची, आगऱ्यांची दहा खाचरे हिरवीगार, आणि मध्येच गवताने, रानमोडीने भरलेली चार. ती बहुधा आपली असतात. घरात शिजणारा तांदूळ दुकानातून येतो. भेंडी, वांगी, टोमॅटो घाटावरून टेंपोने येतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात आणि त्याच सुमारास महाडला पूर आला, रस्ते तुटले, तेव्हा आसपासच्या गावांत भाजीची काय दशा झाली ते आपण पाहिले आहे. चहूकडे पाणी आणि माती, पण टेंपो आला नाही म्हणून चुलीवर बटाट्यावाचून दुसरे काही नाही!

एक साधा हिशेब मांडतो. विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावा. पाच माणसांचे कुटुंब धरा. दर माणशी दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ धरला, तर वर्षाला ७३० किलो होतो. भात भरडल्यावर दोन तृतीयांश तांदूळ हाती येतो असे धरले, तर सुमारे ११ क्विंटल भात हवे. एकरी १५ क्विंटल हे बेताचेच उत्पन्न झाले. म्हणजे तीस गुंठे जमिनीत एका कुटुंबाचा वर्षाचा तांदूळ निघतो. आपल्यापैकी किती घरांच्या सातबाऱ्यावर तीस गुंठे नाहीत? पुष्कळांचे आहेत. उणीव जमिनीची नाही. परदेशातून पैसा येतो, तेव्हा पैशाचीही नाही. मग उणीव कशाची, हे शोधले पाहिजे.

आपली माणसे आळशी झाली, असे म्हणून मोकळे होण्याची एक रीत आहे. मला ती मान्य नाही. जो माणूस कुवेतच्या उन्हात बारा-बारा तास उभा राहतो त्याला आळशी कोण म्हणेल? कोकणातला मुसलमान आधी जहाजावर गेला, पूर्व आफ्रिकेत गेला, केपटाऊनला गेला आणि १९७० नंतर आखाती देशांत गेला. त्याच्या पैशातून घरे उभी राहिली, मुली शिकल्या, ही संस्थाही वाढली. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण परदेशच्या नोकरीला मुदत असते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि लाखाच्या वर भारतीयांना नेसत्या कपड्यांनिशी परतावे लागले. २०११ मध्ये सौदी अरबस्तानने तिथल्या नागरिकांना नोकऱ्यांत अग्रक्रम देणारा निताकत कायदा आणला. २०२० मध्ये टाळेबंदी आली. तीनदा माणसे परत आली, आणि तिन्ही वेळा घराखालची जमीन पडीक होती.

जमीन पडीक पडण्याची खरी कारणे कागदात आहेत आणि बांधावर आहेत. कागदाचे आधी सांगतो. आजोबांच्या नावची जमीन. त्यांचे पाच मुलगे, तीन मुली, पुढे नातवंडे. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे. कोणी मुंब्र्याला, कोणी दुबईला. बहिणींच्या सह्या हक्कसोडीवर घेतलेल्या, किंवा त्यांची नावे लावलीच नाहीत. (शरियतीने दिलेला बहिणीचा वाटा बुडवायचा आणि वर बरकत नाही म्हणून हळहळायचे, हे मला कधी कळले नाही.) एकाने शेत करावे म्हटले तर दुसऱ्याला वाटते, हा बळकावतो आहे. परिणामी कोणीच करत नाही.

दुसरे कारण कुळकायद्याची भीती. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक होण्याचा मार्ग उघडला. त्याआधी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आपल्यातली काही घराणी खोत होती आणि त्यांच्या तोंडी अजून ते दुःख आहे. माझ्या मते जे कसत होते त्यांना जमीन मिळाली हा न्यायच झाला. पण त्या आठवणीने मनात असे बसले की, शेत दुसऱ्याला करायला दिले की गेले. त्यापेक्षा ओसाड पडलेले बरे. ही भीती अगदीच निराधार नाही, कायद्यात कुळाला हक्क आहेतच. मात्र त्याच कायद्यात सलग दोन वर्षे न पिकवलेल्या जमिनीची व्यवस्था सरकारने हाती घ्यावी अशीही तरतूद आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. तेव्हा भीतीपोटी पडीक ठेवणे हा काही पक्का बंदोबस्त नव्हे.

आता बांधाचे. ज्याने भातशेती जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की खाचर एकट्याचे नसते. पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरते. वरच्याने बांधबंदिस्ती सोडली, खेकड्यांनी भोके पाडली, की पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो आणि खालच्याची लावणी वाहून जाते. मधले शेत पडीक राहिले की त्यात झुडपे माजतात, रानडुकरे दडतात आणि रात्री शेजाऱ्याचे पीक लोळवतात. एका गावात चार घरांनी शेती सोडली की पुढच्या काही वर्षांत आठ घरांना सोडावी लागते. म्हणून हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. तुमच्या पडीक शेताचा भार तुमच्या कुणबी शेजाऱ्यावर पडतो, आणि तो तोंडाने बोलत नसला तरी मनात धरतो.

खाडीकाठच्या गावांत तर प्रकरण याहून गंभीर आहे. खारजमीन म्हणजे समुद्राकडून बांध घालून मागून घेतलेली जमीन. बाहेर मातीचा बांध, त्यात उघाडी. ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. पूर्वी घरटी एक माणूस बांधाच्या दुरुस्तीला जात असे. चिखल काढायचा, दगड लावायचे, सगळ्यांनी मिळून. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारजमीन कायदा आला, सरकारी योजना आल्या, त्यामुळे मोठे बांध झाले हे खरे. पण बांधाला पडलेले लहानसे भगदाड सरकारला दिसत नाही, ते रोज बांधावरून चालणाऱ्याला दिसते. चालणारेच राहिले नाहीत, तर एका उधाणाला खारे पाणी आत शिरते. मिठाने मारलेली जमीन धुऊन निघायला कित्येक पावसाळे जातात. तोवर कांदळवन उगवते. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते, माशांना आसरा देते, त्याच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश देऊन आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन त्याची तोड बंद केली, तेही योग्यच. पण याचा अर्थ समजून घ्या. ज्या शेतात एकदा कांदळवन माजले ते शेत परत मिळणे जवळजवळ अशक्य. सातबाऱ्यावर नाव राहील, खाली चिखल राहील. नातवाला दाखवायला जमीन असेल, पण पेरायला नसेल. माती थांबून राहत नाही, एवढेच मला पालकांना सांगायचे आहे. निवृत्त होऊन आल्यावर बघू म्हणणाऱ्यांसाठी तर हे फारच खरे आहे.

आता दीन या विषयी काय सांगतो ते पाहू. ज्या झाडाचे किंवा पिकाचे माणूस, पक्षी वा जनावर खाते ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतो, ही हदीस आपल्याला मदरशातच ऐकायला मिळते. पण दुसरी एक हदीस आहे, तिची आठवण कमी वेळा होते. ज्याच्याकडे जमीन आहे त्याने ती स्वतः पेरावी, नाहीतर आपल्या भावाला पेरायला द्यावी, अशा आशयाची ती आहे. आणि मदीनेचा तो प्रसंग पाहा. मक्केहून मुहाजिर आले. हात रिकामे, शेतीचा सराव नाही. ते व्यापारी लोक. अन्सारांनी हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना विनंती केली की, आमच्या खजुरीच्या बागा आमच्यात आणि या भावांत वाटून द्या. हुजूरांनी बागा वाटून दिल्या नाहीत. तेव्हा असे ठरले की मालकी अन्सारांची राहावी, मेहनतीत मुहाजिरांनी भाग घ्यावा, आणि फळ दोघांनी वाटून घ्यावे. माझ्या अल्पबुद्धीला यात मोठी व्यवस्था दिसते. कोणाची मिळकत गेली नाही, कोणाच्या हातावर भीक पडली नाही, आणि झाडे वाळली नाहीत. आपल्याला आज नेमके हेच हवे आहे. मालक दुबईत आहे, त्याचे नाव त्याच्या जमिनीवर राहावे. गावात जो मनुष्य काम करू शकतो त्याला काम मिळावे. आणि खाचर पिकावे.

हे आपल्यासारख्यांना जमेल काय, अशी शंका येईल. केरळकडे पाहा. तिथला मलप्पुरम जिल्हा मुसलमान बहुसंख्येचा, आणि आपल्याप्रमाणेच आखातातल्या पैशावर चालणारा. तिथेही पुरुष परदेशी आणि भातशेते ओस, अशीच स्थिती झाली होती. १९९८ साली कुटुंबश्री या महिलांच्या चळवळीचे उद्घाटन मलप्पुरमलाच झाले. पुढे केरळभर चार ते दहा बायकांचे गट करून त्यांनी पडीक शेते करायला घेतली. भात, केळी, सुरण, भाजी. त्यांत मुसलमान बाया आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. डोक्यावर पदर घेऊन त्या चिखलात उतरल्या आणि कोणाची इज्जत कमी झाली नाही. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत. ते पापड-लोणच्यांवर थांबले आहेत.

मग सुरुवात कशी करावी? माझ्या मते जमातीने करावी, आणि संस्थेने तिला हात द्यावा. आपली जमात मस्जिद चालवते, मदरसा चालवते, मय्यतीचे सामान ठेवते, लग्नाची भांडी ठेवते. हिशेब ठेवण्याची, वर्गणी काढण्याची, भांडण मिटवण्याची सवय तिला शेकडो वर्षांची आहे. एवढी घडी बसलेली असताना शेतासाठी वेगळी मंडळी शोधायला नको.

पहिल्या वर्षी फक्त एक नकाशा करावा. गावाचा गटनकाशा तलाठ्याकडून घ्यायचा आणि पडीक गटांना रंग द्यायचा. मालक कोण, तो सध्या कोठे आहे, त्याचा फोन कोणता, हे शेजारी लिहायचे. हे काम नववी-दहावीच्या मुलांनी सुट्टीत करावे. सातबारा आता मोबाईलवर पाहता येतो, तो कसा वाचायचा हे भूगोलाच्या शिक्षकांनी एका तासात शिकवावे. माझी खात्री आहे, पुष्कळ मुलांना आपल्या आजोबांच्या जमिनीचा गट क्रमांक त्या दिवशी पहिल्यांदा कळेल.

मग एकमेकांना लागून असलेले पाच-सहा एकर निवडायचे. पन्नास नकोत. सगळ्या वारसांची, बहिणींसह, एका हंगामाची लेखी संमती घ्यायची. इथे घाई करू नये. जाणत्या वकिलाला बसवून कागद करावा. कारण काम करणाऱ्याला मजुरी द्यायची की पिकाचा वाटा द्यायचा यावर कुळकायद्यात मोठा फरक पडतो. मालकाच्या वतीने, त्याच्या घरच्या माणसाच्या देखरेखीखाली, मजुरी देऊन शेत करवून घेणे ही एक रीत आहे. वकील आणखी सुचवतील. कागद चोख झाला की दुबईचा मालक निर्धास्त होतो, आणि कामाला आलेला शेजारीही फसत नाही.

मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. चार दिवसांत लावणी उरकायची तर गावात माणसे नाहीत. पूर्वी इर्जिक होती. आज माझ्याकडे सगळे, उद्या तुझ्याकडे. ती पुन्हा सुरू करता आली तर उत्तम. आणि लावणीशिवायही भात होते हे लक्षात घ्या. नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र पुढे आणले आहे. गादीवाफे एकदा करायचे आणि त्यांवर बी थेट टोकायचे. दर वर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी यांची गरज राहत नाही. ज्या गावात म्हातारी माणसे आणि बायकाच उरल्या आहेत त्या गावाला हे सोयीचे आहे. तणाकडे मात्र वेळीच लक्ष द्यावे लागते. ते न केल्यास पश्चात्ताप होतो. खारजमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या क्षार सोसणाऱ्या जाती काढल्या आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दारात उभे आहे. आपल्यातले किती जण तिथे बी विचारायला गेले? भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल, कुळीथ, चवळी होते, हे आपल्या दादी-नानींना कोणी शिकवावे लागले नव्हते.

शेत नसलेल्या घरांनीही बाहेर राहू नये. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. तेवढ्या परसात पडवळ, दोडकी, भेंडी, लाल माठ, मिरची आणि कडेला चार केळी मावतात. नहाणीचे पाणी केळीला, अळवाला सोडावे. मस्जिदीचेच पाहा. एका वझूला तीन लिटर पाणी धरले आणि जुम्याला दोनशे नमाजी धरले, तर सहाशे लिटर पाणी एका दुपारी गटारात जाते. (हुजूर स्वतः एक लिटरहून कमी पाण्यात वझू करीत, असे हदीसमध्ये येते, पण ते आपल्याला सांगणार कोण!) त्या पाण्यावर मस्जिदीच्या आवारात नारळ, केळी का होऊ नयेत? जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांनी त्याच वर्षी रोपे लावली त्यांचे माड आता मनुष्याच्या डोक्यावर गेले आहेत. ज्यांनी नुकसानभरपाईची वाट पाहिली त्यांच्या वाडीत अजून खोडांचे बुंधेच आहेत.

एक इशारा देऊन ठेवतो. अशी कामे पावसाने कमी बुडतात, हिशेबाने जास्त बुडतात. बियाण्याला किती गेले, मजुरी किती, भात किती पायली झाले, कोणाला किती दिले, हे दर जुम्याला मस्जिदीच्या फलकावर लिहिले गेले पाहिजे. फलक लिहायचे काम शाळेतल्या मुलांकडे द्या. मुले रक्कम लपवत नाहीत. उश्र काढायचा असेल तर पावसाच्या पिकाचा दहावा हिस्सा, पाणी ओढून दिलेल्या पिकाचा विसावा. किती पिकावर तो लागतो हे आपल्या आलिमांना विचारावे. तो भाताच्याच रूपाने विधवांच्या घरी पोहोचवला, तर जमातीच्या त्या एका कामाला गावात नाव राहील.

आता तो पहिला प्रश्न. मुलांना चिखलात नेता काय? विद्यार्थी मित्रहो, तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, वकील व्हा. वकिलाची गरज तर मी आत्ताच सांगितली. पण दापोलीला चार वर्षांची कृषी पदवी आहे, तिचा रस्ताही त्याच सीईटीतून जातो ज्याच्यासाठी तुम्ही रात्री जागता, आणि आपल्या समाजातून त्या रस्त्याने फार थोडे जातात. माती तपासणारा, कलम बांधणारा, काजूचा कारखाना चालवणारा मुलगा किंवा मुलगी शिकलेली नव्हे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला शिक्षण समजले नाही. आणि जे दुसरे काही शिकणार आहेत त्यांनीही गावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एवढी मदत करावी: २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाईलवर करायची असते, तिला ई-पीक पाहणी म्हणतात. ती न केल्यामुळे पिकलेले शेतही कागदावर पडीक दिसते. तुमचा फोन दिवसातून पाच मिनिटे त्या कामाला द्या.

पालकांना एकच विनंती. रोहिण्या लागण्यापूर्वी, मे महिन्यात परदेशातली आणि मुंबईची माणसे सुट्टीवर गावी येतात. लग्ने असतात, दावती असतात, सगळे वारस एका छताखाली भेटतात. त्या दिवसांत एक संध्याकाळ काढा, सातबाऱ्याचा उतारा मध्ये ठेवा, बहिणींनाही बोलवा, आणि येत्या मृगाला कोणते खाचर पेरायचे ते ठरवा. संमतीच्या कागदाचा कच्चा नमुना गावच्या वकिलाकडून करून घ्या. जमातीच्या दप्तरात त्याची एक प्रत राहू द्या.